जुन्या रशियाच्या थाटात जेवण: मॉस्को, पीटर्सबर्ग आणि सुझ्दालला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात पाठवलेले पालक, आठवडाभराच्या सहलीवर येणारी कुटुंबं, कामानिमित्त मॉस्कोत उतरणारे लोक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. उत्तराचा काही भाग दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ऐतिहासिक थाटाचं रशियन रेस्टॉरंट म्हणजे नेमकं काय? सगळी एकाच छापाची असतात का?

नाही, आणि बुकिंग करण्याआधी हा फरक कळलेला बरा. ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

पहिला बोयार थाट. बोयार म्हणजे झार पीटरच्या आधीच्या काळातले सरदार. रंगवलेल्या कमानी, जाडजूड लाकडी बाकं, भरजरी पोशाखातले वेटर, शिकारीचं मांस, मधाची पेयं. दुसरा त्राक्तीर, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली व्यापाऱ्यांची खाणावळ. टेबलावर सामोवार (चहाचं पाणी तापवायचं भांडं), पांढऱ्या सदऱ्यातले वाढपी, कोबीचं सूप, भरलेले पाव. तिसरा उमरावी: झुंबरं, पुस्तकांची कपाटं, फ्रेंच वळणाचे पदार्थ आणि त्याला साजेसं बिल. चौथा सोव्हिएत: ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, कटलेट आणि कुस्करलेला बटाटा घ्यायचा, सोबत फळं उकळून केलेला कोम्पोत. लाल चौकाला लागून असलेल्या गुम या बाजारसंकुलातली ‘स्तलोवाया क्रमांक ५७’ ही या चौथ्या प्रकारातली सर्वांना माहीत असलेली जागा.

एकाच जेवणाची संधी असेल तर मी त्राक्तीर सुचवीन. बोयार थाटात नाटक जास्त असतं आणि उमरावी थाटात अर्धा स्वयंपाक पॅरिसचा असतो. मुलं सोबत असतील आणि खिसा सांभाळायचा असेल तर सोव्हिएत.

२. मॉस्कोच्या कॅफे पुश्किनमध्ये पुश्किन खरंच जेवायला यायचा का?

नाही. रशियन कवी पुश्किन १८३७ मध्ये वारला आणि हे रेस्टॉरंट जून १९९९ मध्ये, त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या तोंडावर उघडलं. त्वेर्स्कोय बुलेव्हारवरची ती वाड्यासारखी इमारतही त्याच वेळची. गंमत अशी की नाव फ्रान्सहून आलं. झिल्बेर बेको या फ्रेंच गायकाच्या १९६४ मधल्या गाण्यात मॉस्कोतल्या ‘कॅफे पुश्किन’चा उल्लेख होता, पण तेव्हा अशी जागाच नव्हती. फ्रेंच प्रवासी येऊन ती शोधायचे. शेवटी आंद्रेई देलोस या रेस्टॉरंट-व्यावसायिकाने ती उभी केली आणि उद्घाटनाला बेको स्वतः आला.

पुश्किनचा खरा संबंध असलेली जागा पीटर्सबर्गला आहे. नेव्स्की रस्त्यावर मोइका नदीच्या कोपऱ्यावर, १८ क्रमांकाच्या इमारतीत तेव्हा व्हॉल्फ आणि बेरांझे यांचं मिठाईचं दुकान होतं. जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे २७ जानेवारी १८३७ रोजी पुश्किन तिथे त्याचा साक्षीदार दान्झास याला भेटला आणि तिथूनच द्वंद्वयुद्धाला गेला. त्या जागी पुढे ‘लितेरातुर्नोये काफे’ झालं.

३. इमारतच नवी असेल तर खरेपणा ओळखायचा कसा?

भिंतींवरून ओळखू नका. मॉस्कोत खरी जुनी भोजनदालनं आहेत. मेत्रोपोल हॉटेल १९०५ चं आहे आणि तिथलं रंगीत काचेच्या छताखालचं दालन पाहण्यासारखंच आहे. पण जुन्या छताखाली जुनाच स्वयंपाक मिळेल असं काही नाही, आणि काल बांधलेल्या लाकडी घरात एखादा आचारी उत्तम श्ची, म्हणजे कोबीचं सूप, करत असतो. दाराच्या पाटीवर नावाच्या शेवटी ъ हे अक्षर दिसलं तर तेवढ्यावर भुलू नका. १९१८ च्या लिपीसुधारणेत शब्दांच्या शेवटी लिहिलं जाणारं हे अक्षर गेलं, म्हणून आता जुनेपणाचा आव आणायला ते हमखास लावतात.

खरेपणा तपासायचा तर मेन्यूत तपासा. पाटी सतराव्या शतकाची आणि मेन्यू बटाटे-टोमॅटोंनी भरलेला असेल तर ती फक्त सजावट. रशियात बटाटा सर्वसामान्यांच्या ताटात एकोणिसाव्या शतकात आला, तोही सुखासुखी नाही. सरकारने सक्ती केली तेव्हा १८३० आणि १८४० च्या दशकांत शेतकऱ्यांनी दंगे केले. त्याआधी ती जागा सलगमसारख्या ‘रेपा’ या कंदाची होती. चहासुद्धा तसा उशिराचा. मंगोल खानाकडून झारला १६३८ मध्ये तो भेट म्हणून आला आणि घराघरांत पोचायला आणखी दोन शतकं गेली. तोवर लोक मध, आलं, लवंग, दालचिनी घालून उकळलेलं गरम ‘स्बितेन’ प्यायचे. बोयार थाटाच्या जागी रेपा, स्बितेन आणि राईचा काळा आंबट पाव असेल तर आचाऱ्याने अभ्यास केलाय असं समजा.

दुसरी खूण म्हणजे भट्टी. रशियन ‘पेच’ ही घरातली विटांची अवाढव्य चूल. सकाळी लाकडं जाळून ती तापवायची, निखारे बाजूला सारायचे आणि हळूहळू उतरणाऱ्या उष्णतेत मडकी दिवसभर ठेवून द्यायची. तिच्यात ज्वाळेवर परतणं-तळणं जवळजवळ नव्हतंच, सगळा कारभार मुरवण्याचा. म्हणून या स्वयंपाकात मडक्यातली काशा (धान्याची लापशी), तासन्‌तास मुरलेली श्ची आणि तपकिरी होईपर्यंत तापवलेलं दूध आहे. वरून भांडं ठेवायची युरोपीय शेगडी आली त्यानंतर कटलेट आणि सॉस आले. ‘इज पेची’, म्हणजे भट्टीतून, असं लिहिलेला भाग मेन्यूवर असेल तर आधी तो वाचा. आणि वेटरला भट्टी कुठे आहे ते विचारा; असेल तर तो आनंदाने दाखवतो.

४. सगळं एकदम का वाढत नाहीत? सूप संपल्यावरच पुढचं का येतं?

पद्धतच तशी. आधी ‘झकूस्की’, म्हणजे खारवलेले मासे, मशरूम, काकड्या असे गार पदार्थ. मग ‘पेर्वोये’ (पहिलं) म्हणजे सूप, ‘व्तरोये’ (दुसरं) म्हणजे मुख्य पदार्थ, शेवटी गोड आणि चहा. फ्रान्समध्ये पूर्वी सगळी पात्रं एकदम टेबलावर मांडत. एकामागून एक वाढण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियाचे राजदूत प्रिन्स कुराकिन यांच्यामुळे पॅरिसला माहीत झाली असं मानतात आणि आजही तिला ‘रशियन पद्धत’ म्हणतात. घाईत असाल तर ऑर्डर देतानाच सगळं एकदम आणायला सांगा. कोणी वाईट वाटून घेत नाही.

५. पहिल्यांदाच जातोय. मांसाहारी आहे. काय मागवू?

खारवलेल्या मशरूमची एक बशी टेबलासाठी. ‘ग्रूझ्दी’ नावाचे मिळाले तर तेच घ्या, वर घट्ट आंबट साय म्हणजे ‘स्मेताना’ घालून. त्यानंतर आंबवलेल्या कोबीची श्ची. ती पहिल्या चमच्याला नुसती आंबट लागते, चौथ्या-पाचव्या चमच्याला उलगडते, म्हणून लगेच मत बनवू नका. मासे आवडत असतील तर ‘उखा’ हे स्वच्छ पातळ सूप आणि सोबत ‘रास्तेगाय’. हा वरून तोंड उघडं ठेवलेला भरलेला पाव; त्या तोंडातून थोडं सूप आत ओतून खातात. मुख्य पदार्थात ‘पोझार्स्की कटलेट’ घ्या, कोंबडीचा, बाहेरून कुरकुरीत पावाचे तुकडे लावलेला (प्रश्न २० मध्ये त्याच्या गावाबद्दल आहे). गोडात ‘गुर्येव काशा’: रवा, तापवलेल्या दुधावरच्या सायीचे थर, सुकामेवा आणि मुरांबा. रव्याचं गोड आपल्याला परकं नाही, तरी ही चव वेगळी आहे.

पेल्मेनी, म्हणजे मांस भरलेल्या छोट्या उकडलेल्या करंज्या, मुद्दामच सुचवत नाही. त्या चांगल्या असतात, पण कुठेही मिळतात.

६. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

उपाशी नाही, पण नुसतं ‘आम्ही शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही. अनेक वेटरांच्या लेखी कोंबडी आणि मासा हे ‘मांस’ या शब्दात बसत नाहीत, आणि सूप भाज्यांचं असलं तरी रस्सा हाडांचा असतो. म्हणून एकेक वस्तू नावाने नाकारा: ‘बेझ म्यासा, बेझ कूरित्सी, बेझ रीबी’, म्हणजे मांस, कोंबडी, मासा नको. मग सुपाकडे बोट दाखवून विचारा: ‘ना म्यासनोम बुल्योने?’ मांसाच्या रश्श्यावर आहे का?

ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांमुळे या स्वयंपाकात बिनमांसाचे पदार्थ शेकडो वर्षांपासून आहेत. त्यांच्यासाठी शब्द आहे ‘पोस्नोये’, उपवासाचं. ‘पोस्नोये येस्त?’ एवढं विचारलंत की जुन्या वळणाच्या ठिकाणी वेटर लगेच मुद्द्यावर येतो. मिळणारे पदार्थ: मशरूमची श्ची, कांदा-मशरूम घातलेली ग्रेच्का (कुट्टू), बीट-बटाटा-काकडीचं ‘व्हिनेग्रेत’, बटाटे किंवा चेरी भरलेली व्हारेनिकी (उकडलेल्या करंज्या), कोबी भरलेली पिरोझ्की (छोटे पाव). व्हारेनिकीच्या पिठात अंडं असू शकतं. अंडं चालत नसेल तर ‘बेझ याईत्स’ म्हणा.

गोडात जपून. मधाच्या थरांच्या ‘मेदोविक’ केकमध्ये आणि ‘सीर्निकी’ या ताज्या चीजच्या तळलेल्या वड्यांत अंडं असतं, सफरचंदाच्या ‘पस्तिला’त अंड्याचा पांढरा भाग. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं. बेरींचा ‘किसेल’ मात्र स्टार्चने दाट करतात.

७. उपवासाचा मेन्यू असेल तर तो डोळे मिटून मागवता येईल ना?

नाही. चर्चच्या उपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य, पण कोळंबी-माकूल यांना बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, आणि काही दिवशी मासाही चालतो. त्यामुळे ‘पोस्नोये’ मेन्यूवर कोळंबीचं सॅलड अगदी उजळ माथ्याने बसलेलं असतं. प्रश्न ६ मधली यादी तेव्हाही म्हणावीच लागेल, वर ‘बेझ क्रेवेतोक’, कोळंबी नको, हेही जोडा.

हा वेगळा मेन्यू सगळ्यात भरघोस मिळतो तो ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपवासात, साधारण फेब्रुवारीअखेर किंवा मार्चपासून पुढचे सात आठवडे. ख्रिसमसच्या आधीचा उपवास २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी, ऑगस्टमधला १४ ते २७ तारखेपर्यंत; पण त्या दिवसांत सगळीच ठिकाणं वेगळा मेन्यू छापत नाहीत.

८. मास्लेनित्सामध्ये येतोय. तेव्हाही उपवासच असतो का?

अर्धामुर्धा, आणि तो दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांच्या सोयीचा. मास्लेनित्सा हा मोठ्या उपवासाच्या लगेच आधीचा आठवडा. चर्चच्या हिशेबाने मांस बंद झालेलं असतं, पण लोणी, साय, अंडी अजून चालू, म्हणून घरोघरी ब्लिनींचे, म्हणजे पातळ धिरड्यांचे, ढीग लागतात. रेस्टॉरंटमध्ये मांस त्या आठवड्यातही मिळतं. ब्लिनी मागवताना स्मेताना, मध, मुरांबा किंवा ‘त्वारोग’ हे रवाळ ताजं चीज सोबत घ्या. लाल दाणे दिसले तर ती माशांची अंडी आहेत, डाळिंब नव्हे.

९. जैन जेवण मिळेल का? आणि एकादशी आली तर?

जैन जेवण अशा जागी मिळेल असं सांगून तुम्हाला पाठवणार नाही. कांदा, बीट, गाजर, बटाटा हा इथल्या बिनमांसाच्या स्वयंपाकाचा पाया आहे. पाण्यात शिजवलेली साधी ग्रेच्का, काकडी, फळं, बेरी, मध आणि चहा एवढंच हाताशी उरतं. वातावरणासाठी जा, चहा घ्या आणि जेवण मुक्कामी करा.

एकादशीचं त्या मानाने सोपं. उकडलेला बटाटा लोण्याबरोबर, त्वारोग, फळं, मध, ‘मोर्स’ हे बेरींचं सरबत. बटाट्यावर शेपू भुरभुरून आणतील, तेव्हा प्रश्न १२ आधी वाचा.

१०. नकळत गोमांस किंवा डुकराचं मांस पोटात जाईल ही भीती आहे. कशापासून सावध राहू?

भीती रास्त आहे, कारण दोन्ही दिसत नाहीत तिथे असतात. बोर्श (बीटचं सूप) आणि श्चीचा रस्सा बहुतेक वेळा गाईच्या हाडांचा. पेल्मेनीचं सारण सहसा गाय आणि डुक्कर मिसळून. ‘सोल्यान्का’ या आंबट-खारट सुपात तीन-चार प्रकारचं मांस आणि सॉसेज. ‘खलादेत्स’ म्हणजे पाय-हाडं उकळून गोठवलेली थरथरती वडी, बहुतेक डुकराची. ‘बेफ स्त्रोगानोव’मध्ये गोमांस नावातच आहे. ‘साला’ ही डुकराची चरबी काळ्या पावावर पातळ काप करून येते आणि पांढऱ्या चीजसारखी दिसते. सर्वात जास्त फसगत तिथे होते.

शब्द पाठ करा: गव्यादिना (गोमांस), स्विनीना (डुक्कर), बारानिना (मेंढी), कूरित्सा (कोंबडी), इन्देय्का (टर्की). मासे आणि पोझार्स्की कटलेट ही त्यातल्या त्यात सुरक्षित निवड, पण कटलेटमध्ये फक्त कोंबडीच आहे ना हे विचारून घ्या. वेगळ्या कढईत तळून द्या म्हटलं तर मान डोलावतील; मी त्यावर विसंबणार नाही.

११. बोर्श रशियन की युक्रेनियन? टेबलावर विचारलं तर चालेल?

बोर्श करण्याची युक्रेनची संस्कृती युनेस्कोने जुलै २०२२ मध्ये तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतली. रशियात तो पिढ्यान्‌पिढ्या शिजतो हेही खरं. सध्याच्या काळात हा विषय वेटरपाशी काढू नका. रशियन म्हणून निर्विवाद सूप हवं असेल तर श्ची घ्या. कीव कटलेट, जॉर्जियाची खाचापुरी (चीज भरलेला पाव), उझ्बेक प्लोव (पुलाव) हे सोव्हिएत थाटाच्या मेन्यूवर शेजारी शेजारी दिसतील, कारण सोव्हिएत खाणावळीत ते तसेच असायचे.

१२. जेवण फिकं लागतं का? आणि सगळ्यावर ते हिरवं काय असतं?

तिखट नसतं. झणझणीतपणा हवा तर मोहरीची ‘गर्चीत्सा’ किंवा हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाचा कीस असलेली ‘ख्रेन’ मागा. ख्रेन थेट नाकात जाते. लाल मिरचीची सवय असलेले लोकही पहिल्या घासाला डोळे पुसतात.

ते हिरवं म्हणजे शेपू. सुपावर, बटाट्यावर, माशावर, लोणच्यात, सगळीकडे. घरात शेपूच्या भाजीवरून भांडणं होणाऱ्यांनी ऑर्डर देतानाच ‘बेझ उक्रोपा’ म्हणावं.

१३. लग्नाच्या बुफेत असतं ते रशियन सॅलड इथे मिळेल का?

त्याचा आजोबा मिळेल. आपल्याकडचं अननस घातलेलं गोडसर सॅलड ज्याच्यापासून निघालं त्याचं नाव इथे ‘ओलिव्ये’. एकोणिसाव्या शतकात मॉस्कोच्या एर्मिताझ रेस्टॉरंटमध्ये ल्युसियाँ ओलिव्ये या आचाऱ्याने ते केलं, त्यात रानकोंबडा आणि झिंग्यासारख्या ‘राक’च्या शेपट्या असायच्या. सोव्हिएत काळात त्या चैनीच्या वस्तू गेल्या आणि कोंबडी किंवा उकडलेलं सॉसेज, मटार, गाजर, बटाटा आला. आजचं ओलिव्ये हे, आणि ते शाकाहारी नाही. उमरावी थाटाच्या काही ठिकाणी ‘जुन्या कृतीचं’ ओलिव्ये वेगळ्या किमतीला देतात. एकदा चाखून बघण्यासारखं आहे.

१४. दारू पीत नाही. यजमान रागावतील का? आणि पिणाऱ्यांनी काय पाळायचं?

‘नि प्यू’, म्हणजे पीत नाही, असं पहिल्या पेल्यालाच सांगून टाका. दोन घेऊन तिसऱ्याला थांबणं जास्त अवघड जातं. मोर्सचा पेला हातात धरून शुभेच्छांना सामील व्हा.

पिणाऱ्यांसाठी: व्होडका ग्रॅमवर मागवतात, ५० किंवा १००. ती चांगली गार असावी, एका घोटात घ्यावी आणि लगेच खारवलेली काकडी किंवा मासा खावा. रिकामी बाटली टेबलावर ठेवत नाहीत, खाली पायाशी ठेवतात. व्होडकातल्या अल्कोहोलचं ४० टक्क्यांचं प्रमाण रसायनशास्त्रज्ञ मेंदेलेयेवने ठरवलं ही कथा ऐकवली जाईल. त्याचा १८६५ मधला प्रबंध अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणावर होता हे खरं, व्होडकाची कृती मात्र त्यात नाही.

१५. मुलांना क्वास आणि मेदावुखा देऊ का?

क्वास हे राईच्या पावापासून आंबवलेलं पेय. त्यात अगदी किंचित अल्कोहोल असतं आणि रशियात ते सगळी मुलं पितात. तुम्हाला तेवढंही नको असेल तर मोर्स किंवा कोम्पोत द्या. मेदावुखा मात्र मधाची दारूच आहे, बिअरइतकी कडक, फक्त गोड लागते म्हणून लक्षात येत नाही. मुलांना नको. स्बितेन बहुतेक ठिकाणी बिनअल्कोहोलचं असतं, तरी विचारून घ्या, कारण हिवाळ्यात वाइन घातलेलंही मिळतं.

१६. मेन्यूत लिहिलेल्या किमतीपेक्षा बिल बरंच जास्त का आलं?

बहुतेक वेळा एकाच कारणाने. अख्खे मासे, खेकडे, काही मांसाचे पदार्थ यांची किंमत १०० ग्रॅमला लिहिलेली असते आणि ताटात येणारा स्टेर्लेत मासा त्याच्या कितीतरी पट वजनाचा असतो. किमतीशेजारी ‘१०० ग्रॅम’ दिसलं की तुकड्याचं वजन आधी विचारा. बाकी पदार्थांचं वजनही मेन्यूवर छापलेलं असतं, त्यावरून दोघांत एक पुरेल का ते कळतं.

शिवाय पावाची टोपली, पाणी आणि जादा स्मेताना फुकट नसतात. वेटर ‘कोम्प्लिमेंत’ म्हणून काही ठेवून गेला तर ते मात्र आचाऱ्याकडून भेट.

स्वस्तात भागवायचं असेल तर कामाच्या दिवशी दुपारी जा. ‘बिझनेस लंच’ म्हणून सॅलड, सूप, मुख्य पदार्थ आणि पेय असा ठरलेला संच चांगल्या त्राक्तीरांतही संध्याकाळच्या मानाने बराच स्वस्त असतो. ही सोय शनिवार-रविवारी नसते.

१७. कार्ड चालेल का? टिप किती?

भारतात दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड मार्च २०२२ पासून रशियात चालत नाहीत. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा आणा आणि बँकेत रुबल करून घ्या. टिप ऐच्छिक आहे. सेवा आवडली तर दहा टक्के, रोख, बिलाच्या फोल्डरमध्ये. मोठ्या गटाच्या बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असू शकतं, ते पाहून मग ठेवा.

१८. बुकिंग हवंच का? कपडे कसे? फोनवर भाषांतर जमेल?

शुक्रवार-शनिवार संध्याकाळी बुकिंग हवंच. डिसेंबरभर कंपन्यांच्या पार्ट्या असतात आणि अख्खं रेस्टॉरंट खासगी कार्यक्रमासाठी बंद असण्याची शक्यता जास्त, तेव्हा फोन करून जा. ३१ डिसेंबरच्या रात्री बहुतेक ठिकाणी तिकीट लावलेलं जेवण असतं.

कपडे नीटनेटके पुरेत. साडीचं कौतुकच होईल. कोट मात्र आत नेता येत नाही. तो ‘गार्देरोब’मध्ये देऊन नंबराचा बिल्ला घ्यायचा. कोटाच्या गळ्याशी अडकवायचा फास तुटलेला असेल तर तिथल्या आजी चार शब्द सुनावतात, म्हणून निघण्यापूर्वी शिवून घ्या. सिगारेट आत चालत नाही, २०१४ पासून बंदी आहे.

मोठ्या पर्यटक ठिकाणी इंग्रजी मेन्यू मिळतो. पण मोबाइल इंटरनेट अधूनमधून बंद पडतं, म्हणून भाषांतराचं ॲप ऑफलाइन चालेल असं आधी उतरवून ठेवा. प्रश्न ६ आणि १० मधले शब्द कागदावर लिहून नेणं सर्वांत भरवशाचं.

१९. दारातच पाव आणि मीठ पुढे केलं. काय करायचं? आणि वादक टेबलाशी आले तर?

मोठ्या गटाचं स्वागत असं करतात. गोल पावाचा लहानसा तुकडा हाताने तोडा, मधल्या मिठात किंचित टेकवा, खा, पुढच्याला वाट द्या. अख्खा पाव उचलून घ्यायचा नाही.

बलालाइका (तंतुवाद्य) आणि गार्मोन (अकॉर्डियनसारखी पेटी) वाजवणारे टेबलापाशी येऊन वाजवतात. गाण्याची फर्माईश केली तर पैसे द्यावे लागतात, नुसतं ऐकलं तर नाही. वादन कानठळ्या बसवणारं असू शकतं. वयस्कर मंडळी सोबत असतील तर बुकिंग करतानाच मंचापासून लांबचं टेबल मागा. जुन्या पोशाखात फोटो काढण्याचे पैसे वेगळे असतात, आधी विचारा.

२०. मॉस्को-पीटर्सबर्गच्या बाहेर कुठे जावं?

सुझ्दालला, मॉस्कोपासून साधारण सव्वादोनशे किलोमीटरवर. लाकडी घरं, मठ, मेदावुखा आणि खारवलेल्या काकड्या यांचंच गाव. उन्हाळ्यात तिथे काकडीचा उत्सवही भरतो. थाटाची सजावट तिथे कमी लागते, कारण खिडकीबाहेरच सगळं आहे.

दुसरं तोर्झोक, त्वेर शहरापासून साठेक किलोमीटर. मॉस्को-पीटर्सबर्ग या जुन्या टपालमार्गावर इथे पोझार्स्की कुटुंबाची खानावळ होती आणि पुश्किनने १८२६ मध्ये मित्राला पद्यातून तिथले कटलेट खायला सांगितलं होतं. वाटेत त्वेरला व्होल्गाच्या काठी अफानासी निकितीनचा पुतळा आहे, तो चुकवू नका. पंधराव्या शतकात विकायला घोडा घेऊन चौलला उतरलेला आणि पावसाळा जुन्नरला काढलेला व्यापारी तो हाच. त्याचं स्मारक रेवदंड्यालाही आहे. त्वेरमध्ये जेवताना आपण महाराष्ट्रातून आलो असं सांगून जुन्नरचं नाव घ्या, गप्पा सुरू होतात.

२१. सहल कंपनीने अशाच एका ठिकाणी गटाचं जेवण ठरवलंय. मेन्यू बदलून मिळेल का?

जागेवर बसल्यावर नाही. गटांना ठरलेला संच देतात: सॅलड, बोर्श, कोंबडीचा किंवा माशाचा पदार्थ, आइस्क्रीम. चाळीस ताटं एकाच वेळी काढायची म्हणून श्ची आणि भट्टीतले पदार्थ बहुधा वगळलेले असतात. शाकाहारी किती, अंडं न खाणारे किती, गोमांस-डुक्कर नको असणारे किती, हे आकडे किमान दोन-तीन दिवस आधी सहल व्यवस्थापकाकडून रेस्टॉरंटला लेखी कळवायला लावा. ‘शाकाहारी’ एवढाच शब्द कळवला तर कोंबडीच्या जागी मासा येतो, कारण प्रश्न ६ मध्ये आहे. काही जणांना श्चीच खायची असेल तर ती स्वखर्चाने वेगळी मागवता येते. ऑर्डर आत शिरताच द्या. गटाची बस सहसा तासाभरात निघते.